झाली किती, राहिली किती

आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. साहेबांनी आहेराचं पाकीट दिलं, नवरीच्या बापाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मुलं किती आपल्याला?" तो बिचारा हसून म्हणाला, पाच. साहेब म्हणाले, "ती राहिलेली. झाली किती होती?" त्या माणसाचं हसू जागच्या जागी विरलं. भर मांडवात, अक्षता पडायच्या आधी, त्यानं बोटं मोजली आणि सांगितलं, आठ. साहेबांनी "हौ" म्हणून मान हलवली आणि खुर्चीकडे वळले. आम्हाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ते कुणालाच सोडायचे नाहीत. बसचा कंडक्टर, चहावाला, वरून तपासणीला आलेला अधिकारी, सगळ्यांना तोच प्रश्न: झाली किती, राहिली किती. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं 'मय्यतसाब'. जिन्यात त्यांची छत्री वाजली की शिपाई हळूच म्हणायचा, "मय्यतसाब आ रे," आणि आम्ही सगळ्या जणी भराभर आपापले कागद पुढे ओढायचो.

ऑफिस आमचं जन्ममृत्यूच्या मोजणीचं. नारायणगुड्यात एका टीव्हीच्या दुकानावरचा मजला. शहरातल्या काही बस्त्या आणि आजूबाजूची काही खेडी निवडून दिलेली असायची. तिथल्या घराघरांत वर्षभर जात राहायचं आणि कोण जन्मलं, कोण गेलं ते टिपून आणायचं. साहेब आमच्या शाखेचे प्रमुख. मी रोजंदारीवरची, हातात पिशवी घेऊन फिरणारी. माझ्याकडे गौलीगुड्यातली बस स्टँडमागची बस्ती होती. तिथं निम्म्याहून जास्त घरं आपल्या मराठवाड्यातून आलेली, कुणी हमाल, कुणी शिपाई, कुणी भाजीच्या गाडीवर. मी मराठी म्हणून ती बस्ती माझ्या गळ्यात पडली होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही विचारलं. तुम्ही भावंडं किती? मी म्हटलं तीन. झाली किती होती? मी म्हटलं तीनच. आईला विचारलंय? मला संताप आला. मी नोकरीला आले होते, आईची चौकशी करून घ्यायला नव्हते आले. मी सरळ ठोकून दिलं की हो, विचारलंय. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि फॉर्म कसा भरायचा ते शिकवायला लागले.

साहेब जुन्या निजामी मुलखातल्या शेतकरी घरातले. शाळा उर्दूत झालेली, बोलणं मराठी, हिशेब तेलुगूत. त्यांचं नाव मी सांगत नाही, पण ते त्या नावांतलं होतं जी आधीची पोरं दगावली की पुढच्याला ठेवतात. दगड, धोंडा, केर, उकिरडा, त्यातलंच एक. म्हणजे यमाला वाटावं की हे टाकाऊ दिसतंय, कशाला न्यायचं. त्यांच्या नाकाला भोकही होतं, मुलीसारखं टोचलेलं, आता बुजत आलेलं. त्यांना त्याची लाज अजिबात नव्हती. उलट खेड्यावर तपासणीला गेले की शाळेत जाऊन हजेरीपट मागायचे आणि असली नावं शोधायचे. वरच्या वर्गात एखादी धोंडाबाई सापडायची, पहिलीत एकही नाही. पहिलीत सगळ्या पूजा आणि सगळे सचिन. मग परतताना रस्ताभर खुशीत असायचे. म्हणायचे, बापाची भीती गेली की पोराला चांगलं नाव मिळतं, तुमच्या त्या तक्त्यांच्या आधी मला हे इथं कळतं.

ती वर्षं म्हणजे सगळं एकदम मोकळं सुटलेलं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ, गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या वायरी, पेपरात रोज उदारीकरण. आमच्या साहेबांच्याही वर नवे डेप्युटी साहेब आले होते. तरुण, हुशार, टाय लावणारे. त्यांच्या टेबलावर ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर होता आणि त्यावर कपड्याचं झाकण. ते म्हणायचे, बाजार खुला झालाय, आता पैसा येईल, आणि पैसा आला की मरणं आपोआप कमी होतील.

साहेबांना हे पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, गाडी दुसऱ्या टोकानं पण ढकलली जाते. जे पोर राहील की जाईल ठाऊक नाही, त्याला शाळेत कोण घालणार? दोन राहावीत म्हणून बाई सहा जन्माला घालते, आणि तिची पंधरा वर्षं पोट, पाळणा नि रडणं यातच संपतात. एकदा का पोरं जगायला लागली की थोड्या वर्षांनी पाळणे आपोआप कमी होतात. मग घरात खाणारी तोंडं थोडी आणि कमावणारे हात जास्त, असा एक काळ येतो. पैसा त्या हातांमागून येतो, म्हणायचे. डेप्युटी साहेब हसले की हे पुढं जोडायचे, अर्थात हातांना काम देणं तुमच्यासारख्यांकडे आहे, ते दिलं नाहीत तर हेच हात दगड उचलतील. एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागायचे, म्हणजे विषय संपला.

खालच्या टीव्हीवाल्याला तर त्यांनी वेड लावलं होतं. रोज संध्याकाळी जाताना विचारायचे, आज टीव्ही कुणी नेला, त्याला मुलं किती. तो वैतागून म्हणायचा, साब, मैं टीव्ही बेचूं के बच्चे गिनूं? पण माणसाला सवय लागते. पुढं पुढं तोच दुकानातून आवाज द्यायचा, "दो बच्चे साब, दोनों जिंदा!" आणि साहेब छत्री वर करून त्याला सलाम करायचे.

बस्तीत त्यांच्याबरोबर फिरणं म्हणजे शिक्षा. दारावर पाटी वाचावी तसे ते घरासमोरची कपड्यांची दोरी वाचायचे. बाळोती वाळत असली की घरात तान्हं आहे. मागच्या खेपेला बाळोती होती आणि आता नुसतीच लुगडी आहेत, पोर तर अजून रांगायच्या वयाचंही नाही, मग ते दार वाजवायचं आणि हळू बोलायचं. बायका असलं दुःख आपणहून सांगत नाहीत, बारशाआधी गेलेलं तर मुळीच नाही. त्या घरात ते एरवीसारखा धाडकन प्रश्न टाकायचे नाहीत. आधी पाणी मागायचे, प्यायचे, मग म्हणायचे, कमी झालं का कुणी? 'मेलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

आता एका शून्याची गोष्ट.

त्या वर्षी माझ्या बस्तीत अकरा बाळं जन्मली, आणि वर्षाच्या आतलं एकही गेलं नाही. मी यादी दिली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. डेप्युटी साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, दरवर्षी त्या बस्तीत दोन-तीन तरी जातात, यंदा एकदम कुणीच नाही? बाई, ही यादी घरी बसून लिहिलीत. मला कायम करायची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. त्यांनी सांगितलं, सोमवारी आकडा वर जाईल. तोवर तो खरा ठरला नाही तर फाइल परत जाईल आणि तुम्हीही घरी जा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, सिकंदराबादचं क्वार्टर सुटलेलं, धाकट्याचं शिक्षण चालू.

मला वाटलं साहेब माझ्या बाजूनं भांडतील. कसलं काय! ते म्हणाले, "शून्य मी पण अजून पाहिलेला नाही, बेटा." आणि विचारलं, अकरातल्या पहिलटकरणी किती? मी म्हटलं चार. त्या बाळंतपणाला कुठं गेल्या? मी म्हटलं, माहेरी. बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. सात बाळं मी डोळ्यांनी पाहिली होती, मांडीवर घेतली होती. ही चार मी फक्त सासूच्या तोंडून ऐकली होती. "मुलगा झाला, बरं आहे सगळं," एवढ्यावर मी रकाना भरला होता. सून बाळ घेऊन परत येईपर्यंत सासरी त्याची कुणी वाच्यता करत नाही. बरं असलं तरी आणि नसलं तरी. सासरच्या यादीत ते सुखरूप, माहेरच्या गावात कुणी यादीच करत नाही, आणि मधल्या मधे एखादं पोर गुपचूप जातं. इतक्या बायकांशी रोज बोलून मला हे सुचलं नव्हतं. माझी मलाच शरम वाटली.

"ऐकलेलं पोर धरायचं नाही," साहेब म्हणाले. "बघून येऊ."

तीन माहेरं शहरातच निघाली. शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही ती केली. एक गौलीगुड्यातच, दोन गल्ल्या सोडून, एक सिकंदराबादला. दोन्ही पोरं ठणठणीत. तिसरं इथंच नारायणगुड्यात, आणि ते झोपलेलं. घरचे उठवू देईनात. साहेब म्हणाले, उठवू नका, मी बसतो, पण झोपलेलं मी मोजत नाही. आणि खरंच दीड तास बसले. शेवटी पोरानं अंग ताणलं आणि भोकाड पसरलं. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, शाबास. त्या घरातल्या लोकांना अजून वाटत असेल की सरकारनं एक वेडा पाठवला होता.

चौथं माहेर धर्माबादच्या पुढं, खेड्यात. ऑफिस तिकडं जायला परवानगी देणार नव्हतं, म्हणून रविवार गाठला. साहेब म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, माझी नोकरी आहे, मी येणार. आई म्हणाली, परक्या माणसाबरोबर तू एकटी कुठं निघालीस, मी पण येते, माझी मावसबहीण तिकडंच आहे. असे आम्ही तिघं सकाळच्या गाडीत बसलो. आईनं डबा काढला. साहेबांनी एक भाकर खाल्ली, हात धुतले, आणि मला जे होऊ नये असं वाटत होतं तेच झालं.

"ताई, मुलं किती तुम्हाला?"

"तीन," आई म्हणाली.

"झाली किती होती?"

मी खिडकीतून बाहेर पाहायला लागले. आता आई सांगेल तीनच, आणि हा विषय मिटेल. आईनं डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "सहा."

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती. डब्याचं झाकण लावत तिनं त्यांना सांगितलं, पहिली मुलगी आठ दिवसांची, तिचं नाव ठेवायचंच राहिलं. मग दादा. मग एक मुलगा, दीड वर्षाचा, चालायला लागला होता, हगवणीनं दोन दिवसांत गेला. मग मी. मग आणखी एक मुलगी, गोवरात. मग धाकटा. साहेबांनी काही लिहून घेतलं नाही. फक्त विचारलं, चालायला लागलेल्याचं नाव काय होतं. आईनं ते नाव घेतलं. आईजवळ मी सव्वीस वर्षं राहिले होते आणि ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मला साहेबांचा इतका राग आला की उठून दुसऱ्या डब्यात जावं असं वाटलं, आणि रडूही येत होतं. आई मात्र तशी शांतच होती. आपली आपण सरकून खिडकीशी बसली, आणि थोड्या वेळानं तिनंच त्यांना विचारलं, "अन् तुम्ही किती?"

"झालो सात," साहेब म्हणाले. "मी आहे."

धर्माबादला आम्ही उतरलो.

तिथून जीप, मग ऊन उतरतानाचं अर्ध्या तासाचं चालणं. घर विचारत विचारत सापडलं. पत्र्याचं छप्पर, पुढं ओसरी, अंगणात दोरी. दोरीवर एक लुगडं, एक धोतर, एक पंचा. बस. चार महिन्यांचं पोर ज्या घरात आहे, तिथली दोरी अशी नसते. साहेब अंगणाच्या तोंडाशीच थांबले. मीही तेच पाहत होते. त्या क्षणी मला नोकरीची आठवणसुद्धा झाली नाही, हे आज शपथेवर सांगते. मला फक्त त्या ओसरीवर बसून धान्य पाखडणाऱ्या म्हातारीला तो प्रश्न विचारायचा नव्हता. आणि गंमत अशी की साहेबांनाही विचारता येईना. भर मांडवात विचारणारा माणूस, पण छत्रीची मूठ घट्ट धरून नुसताच उभा होता.

आई पुढं गेली. रामराम झाला, पाहुणे कुठले ते झालं, मावसबहिणीचं गाव निघालं, गौलीगुड्याच्या व्याह्यांचं नाव निघालं. मग आईनं सहज विचारावं तसं विचारलं, नातू कुठाय?

म्हातारीनं आमच्याकडं संशयानं पाहिलं. सूप खाली ठेवलं, आत गेली. आत कसला तरी आवाज झाला. आणि ती बाहेर आली ती काखेत पोर घेऊनच. काजळानं बरबटलेलं, मनगटात काळा दोरा, झोपमोड झाल्यामुळं तोंड वाकडं केलेलं. माझ्या तोंडून काहीतरी निघालं, काय ते आता आठवत नाही.

साहेबांनी पहिल्यांदा विचारलं ते दोरीबद्दल. म्हातारी म्हणाली, बाळोती ती आत चुलीवरच्या तारेवर वाळवते. बाहेर टाकली की येणारा-जाणारा बघतो, अन् बघितलं की नजर लागती. आयुष्यभर लोकांच्या दोऱ्या बघत हिंडलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! आई पदरात तोंड लपवून हसली. साहेबही हसले, आणि हात पुढं केले. पोर त्यांच्याकडं गेलं, चष्म्याला लटकलं, आणि त्यांचा सदरा ओला केला. मग भुकेनं रडायला लागलं तेव्हा आजीनं उचलून घेतलं.

ऑफिसचं सांगून टाकते. सोमवारी साहेबांनी डेप्युटी साहेबांपुढं यादी ठेवली आणि सांगितलं, अकराच्या अकरा मी आणि हिनं पाहिली आहेत, त्यातली चार मी स्वतः मांडीवर घेतली आहेत. डेप्युटी साहेबांनी मग काही खळखळ केली नाही, शून्य तसाच वर गेला. खरं तर त्यांनी मला बोलावून माफीही मागितली, त्या माणसात तेवढा चांगुलपणा होता. दोन महिन्यांत मी कायम झाले. पुढल्या वर्षी बस्तीत एक पोर दगावलं, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा एकही नाही. साहेब त्याआधीच निवृत्त झाले आणि बिदरकडं आपल्या गावी गेले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी हार घालणाऱ्या पाहुण्याला विचारलंच, झाली किती, राहिली किती. त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही.

पण मला ते आठवतात ते त्या ओसरीवरचेच. पोराची आई डोक्यावर पाणी घेऊन आली, एकोणीस-वीस वर्षांची असेल. आजीनं पोर तिच्याकडं दिलं, तिनं पाजलं आणि पुन्हा आजीच्या मांडीवर टाकलं. बोलायला धीट होती. म्हणाली, पुढच्या महिन्यात गौलीगुड्याला परत जाणार. लग्न होऊन तिकडं गेल्यापासून गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जात होती, तिथं परत बोलावलंय, पोराला सासू बघणार. साहेबांनी विचारलं, आणि दुसरं कधी? तिनं आजीकडं पाहिलं, जरा लाजली, आणि म्हणाली, "कायची घाई, साहेब? हा हाय की."

साहेब म्हणाले, "काय म्हणालीस?"

"म्हनलं, हा हाय की. पुढचं पुढं बघू."

आजी म्हणाली, ऐका आजकालच्या पोरींचं, मला नऊ झाले, मला कुणी विचारलं का घाई हाय का म्हणून. बोलता बोलता ती थांबली, कारण साहेबांनी चष्मा काढला होता. या खेपेला तो पुसायला नव्हता काढलेला. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं तरी खांदे हलताना दिसत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"हे सायब कामून रडायलेत?" म्हातारीनं घाबरून विचारलं. "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही चुकलं," आई म्हणाली. "ते सात भावंडं झाले होते. हे एकटेच राहिले."

म्हातारीनं साहेबांकडं पाहिलं, मग मांडीवरच्या पोराकडं. पदरानं त्याचं तोंड पुसलं, उठली, आणि त्याला पुन्हा साहेबांच्या हातात दिलं.

"मग धरा की अजून जरा वेळ."